फौजीचा डावा कान

आमच्याकडे सैन्यातून पेन्शनीत आलेल्या माणसाला गाव ‘मेजर’ म्हणते. मग तो शिपाई म्हणून निवृत्त झालेला असो की सुभेदार म्हणून. असेच एक मेजर मध्यंतरी गुडघे दाखवायला आले होते. पायदळातले हवालदार, वय सत्तरीच्या पुढे, पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतले. मी प्रश्न त्यांना विचारत होतो आणि उत्तरे काकू देत होत्या. दोन-चार प्रश्न असेच गेल्यावर मी गुडघा सोडला आणि विचारले, ‘काका, कानाचं काय?’

काकूच बोलल्या. ‘त्यांचं निम्मं सोंग असतं हो डॉक्टर. पैशाचं बोललं की बरोबर ऐकू येतं.’

काका हसले. ‘कान काय, पहिल्यापासूनच वाजतात. शेवटची वर्षं फायरिंग रेंजवर उस्ताद होतो ना. दिवसभर पोरं फायर करायची.’

‘मग तेव्हा दाखवलं नाहीत?’

‘दाखवलं की कॅटेगरी खाली जाते, डॉक्टरसाहेब. मग प्रमोशन कुठलं?’

आजचा लेख या शेवटच्या वाक्यावर आहे.

महाड-पोलादपूर हा भाग फौजींचा. महाड तालुक्यातल्या फौजी आंबवडे गावाचे तर नावच फौजी. पहिल्या महायुद्धात या एका गावातून १११ जण गेले, त्यांतले सहा परतले नाहीत. घरटी एक माणूस सैन्यात ही रीत तिथे आजही सांगितली जाते. पुढे उत्तरेला माणगावात नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत मशिनगनच्या मोर्चावर एकट्याने चालून जाताना ते पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मेलेल्यांची आठवण आपण नीट ठेवतो. जिवंत परत आलेल्यांनी सोबत काय आणले, याची विचारपूस मात्र सहसा गुडघा, साखर आणि रक्तदाब यांपलीकडे जात नाही.

सरकार माजी सैनिकांसाठी काही करत नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. पेन्शन आहे. १ जुलै २०१४ पासून समान पद समान पेन्शन लागू झाले. १ एप्रिल २००३ पासून ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना आहे. निवृत्त होताना एकदा पैसे भरले की नवराबायकोची आयुष्यभराची औषधे आणि मोठी ऑपरेशने त्यात होतात. महाराष्ट्रात माजी सैनिकाला घरपट्टीतून सूट आहे, मुलांना शिष्यवृत्त्या आहेत, वसतिगृहे आहेत. यादी चांगली लांब आहे. तक्रार यादीबद्दल नाही. नोकरीत झालेले जे नुकसान हळूहळू, वर्षानुवर्षांनी दिसते, ते या यादीत कुठेच नीट बसत नाही. आणि कानाचे नुकसान नेमके तसेच असते.

आधी कानात काय होते ते पाहू. कानाच्या आतल्या भागात शंखासारखी वळलेली एक इवलीशी नळी असते. तिच्या आत सुमारे १५ हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लाटेने या पेशींवरचे सूक्ष्म केस हलतात आणि त्याची वीज होऊन मेंदूकडे जाते. एका कानाचे आयुष्यभराचे भांडवल एवढेच. कातडी भरून येते, हाड जुळते, पण मेलेली केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाही.

आपण बोलतो तो आवाज साधारण ६० डेसिबलचा. ८५ डेसिबलमध्ये आठ तास काम करणे ही सुरक्षिततेची मर्यादा मानतात आणि पुढे दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. रायफल सुटते तेव्हा झाडणाऱ्याच्या कानाशी आवाजाचे टोक १५० डेसिबलच्या पुढे जाते. तोफेजवळ १७० च्याही पुढे. डेसिबलची पट्टी साध्या फूटपट्टीसारखी नाही, दर दहाला ऊर्जा दहापट होते. मोठा आवाज आला की मधल्या कानातला एक छोटा स्नायू ताणला जाऊन आतल्या कानाला आडोसा देतो, ही निसर्गाची सोय. पण त्याला ताणायला सेकंदाचा काही शतांश ते दशांश भाग लागतो आणि गोळीचा आवाज त्याआधीच आत पोचलेला असतो. निसर्गाने ही सोय ढगांच्या गडगडाटासाठी केली असावी, रायफलीचा हिशोब त्याच्याकडे नव्हता.

यातली एक गोष्ट मला नेहमी चकित करते. उजव्या खांद्याला रायफल लावणाऱ्याचा डावा कान जास्त खराब होतो. डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजवा कान डोक्याच्या आडोशाला. आणि नुकसान सगळ्या स्वरांत सारखे होत नाही. ते आधी चार हजार हर्ट्झच्या आसपास होते. ऑडिओमेट्री, म्हणजे हेडफोन लावून करायची ऐकण्याची तपासणी केली, तर आलेखात त्या जागी एक खाच दिसते आणि आठ हजारांवर रेघ पुन्हा थोडी वर येते. ही खाच म्हणजे आवाजाने केलेली सही. डाव्या कानात ती खोल असेल तर आलेख पाहणारा तज्ज्ञ माणूस न पाहताही विचारतो, बंदूक चालवत होता का?

चार हजार हर्ट्झला आपले स, श, त, थ, ठ, क, ख, फ राहतात. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते शाबूत राहतात. म्हणून अशा माणसाला आवाज येतो, शब्द कळत नाही. ‘साठ’ म्हटले की ‘सात’ हे उलगडत नाही. बँकेत काचेच्या पलीकडून बोललेले, नातवाचे भराभर बोललेले, लग्नघरातले, काहीच धड लागत नाही. समोरासमोर, शांत खोलीत, ओळखीच्या विषयावर बोललात तर मात्र ऐकू येते. काकूंना जे सोंग वाटत होते ते हेच. २००९ साली कुजावा आणि लिबरमन या संशोधकांनी उंदरांवरच्या प्रयोगात दाखवले की मोठ्या आवाजानंतर ऐकणे तपासणीत पूर्ववत झाले, तरी केसपेशींना जोडलेल्या मज्जातंतूंची टोके कायमची गेलेली असू शकतात. म्हणजे आलेख ठीक आणि गर्दीत ऐकू येत नाही, असेही संभवते.

आता मुद्द्याची गोष्ट. वयानुसारही ऐकू येणे कमी होते. ते सर्वांत वरच्या पट्टीपासून सुरू होते आणि आलेखाची रेघ आठ हजारांकडे उतरत जाते. तिशी-चाळिशीतल्या जवानाच्या आलेखात चार हजारांची खाच स्वच्छ दिसते. तोच माणूस सत्तरीचा झाला की आठ हजारांची बाजूही खाली येते, खाच बुजते आणि उरते ती एक साधी घसरण. आलेख पाहून कोणीही लिहील, ‘वयोमानानुसार’. बंदुकीने केलेली सही वय पुसून टाकते. आपल्या फौजीचा पुरावा त्याच्या कानातच असतो आणि तो दर वर्षी थोडा थोडा नाहीसा होत असतो.

नियम मात्र निवृत्तीच्या दिवसाकडे बोट दाखवतात. नेहमीची मुदत संपवून निवृत्त होणाऱ्या जवानाला अपंगत्वाची वाढीव पेन्शन हवी असेल, तर निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय बोर्डाने दोन गोष्टी लिहायला लागतात: विकार नोकरीमुळे झाला किंवा नोकरीमुळे वाढला, आणि अपंगत्व २० टक्के किंवा त्याहून जास्त आहे. निवृत्तीनंतर दिसलेल्या विकारासाठीही नियमांत वाट ठेवलेली आहे. पण ती मुदतीची आहे आणि रोगाची सुरुवात नोकरीतच झाली हे तिथे दाखवावे लागते. कशाने दाखवणार? सैन्याच्या नेहमीच्या तपासणीत कानाची जुनी चाचणी कुजबुजीची आहे. सहा मीटरवर उभे राहून कुजबुजायचे आणि जवानाने ते परत म्हणायचे. त्यातून ऐकू येते की नाही एवढेच कागदावर उतरते. खाच उतरत नाही. शिवाय त्या दिवशी जवानाला घरी जायची घाई असते, आणि त्याआधीची वीस वर्षे त्याने हा कान लपवण्यातच घालवलेली असतात. कॅटेगरी सांभाळण्यासाठी लपवले, आणि लपवले म्हणून पुढे काही मिळाले नाही. दोन्ही बाजूंनी तोच अडकतो.

न्यायालयांनी या बाबतीत जवानाची बाजू बरीच उचलून धरली आहे. २०१३ साली धरमवीर सिंह या शिपायाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की भरतीच्या वेळी विकाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असेच धरायचे, विकार नोकरीमुळे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची, आणि शंकेचा फायदा जवानाला. २०१४ च्या राम अवतार निकालाने अपंगत्वाची टक्केवारी वरच्या टप्प्यात धरण्याची सवलत मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही मिळाली. पण निकालाचा फायदा घ्यायला मुंबईच्या सैन्यदल न्यायाधिकरणापर्यंत जावे लागते, आणि तिथे जाताना हातात काहीतरी कागद असावा लागतो.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाकाऊ नाही. अपंगत्वाच्या पेन्शनीचा गैरवापर होतो, रक्तदाब आणि मधुमेहावर लोक ती घेऊन जातात, अशी टीका सैन्याच्या आतूनच झालेली आहे. २१ सप्टेंबर २०२३ पासून नव्या निवृत्तांसाठी नियम कडक झाले, ते याच चर्चेनंतर. पण याच संदर्भात महालेखापरीक्षकांनी नोंदवलेली एक गोष्ट पाहावी: ही पेन्शन घेऊन निवृत्त होणाऱ्यांचे प्रमाण अधिकाऱ्यांत जास्त आणि जवानांत बरेच कमी आहे. गोळीच्या आवाजाजवळ कोण जास्त असतो? मला वाटते, इथे अपंगत्वापेक्षा कागदाची ओळख जास्त मोजली जाते आहे. आणि गैरवापराला सर्वांत चांगला उतारा कोणता, तर तारीखवार मोजमाप. भरतीला एक आलेख, दर काही वर्षांनी एक, निवृत्तीला एक. खोटे बोलणाऱ्यालाही तो पकडेल आणि गप्प बसणाऱ्यालाही. अमेरिकेत माजी सैनिकांना मान्य झालेल्या अपंगत्वांत कानात आवाज येणे सर्वांत वर असते आणि कमी ऐकू येणेही वरच्यांत असते. तिथल्या सैनिकांचे कान आपल्यापेक्षा नाजूक नाहीत. तिथे मोजतात, म्हणून दिसते. सदोष इअरप्लगच्या दाव्यांपोटी थ्रीएम कंपनीने २०२३ मध्ये सुमारे सहा अब्ज डॉलर द्यायचे कबूल केले, तेही मोजमापाचे कागद होते म्हणून. आमच्या काकांच्या पिढीने कानात कापसाचे बोळे घातले होते, तेही कोणी बघत नसताना.

निवृत्त फौजीने अर्ज लिहायला बसावे, ही आपल्या भागातली जुनी परंपरा आहे. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि १८९४ साली, महारांची सैन्यभरती बंद केल्याविरुद्ध त्यांनी विनंतिपत्र लिहिले. तेव्हा प्रश्न शिपाईगिरी मिळण्याचा होता. सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर प्रश्न शिपाईगिरीने नेलेल्या गोष्टीचा आहे, आणि अर्ज अजूनही म्हाताऱ्यानेच लिहायचा आहे.

बरे, पेन्शनीचे राहू द्या. निदान तपासणी? ती ध्वनिबंद खोलीत, प्रशिक्षित माणसाने करायची असते. गावाजवळ ती सोय नसली की माणूस अलिबागच्या जिल्हा रुग्णालयाकडे किंवा मुंबईकडे पाहतो. पोलादपूरच्या वाडीतून सकाळची एसटी धरून पोलादपूर, तिथून महाड, मग माणगाव, कोलाड, वडखळ करत अलिबाग. महाडपासूनच शंभर किलोमीटरच्या आसपास. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयही अलिबागेतच. नौदलाचे अश्विनी रुग्णालय तर कुलाब्याला. गुडघा दुखत असताना न दुखणाऱ्या कानासाठी एवढा प्रवास कोण करतो? त्यात दिव्यांग प्रमाणपत्राचा नियम असा की दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीची सरासरी ६० डेसिबलपर्यंत उतरायला हवी. आवाजाने गेलेल्या कानात खालची पट्टी चांगली असते, त्यामुळे सरासरी बरी येते आणि माणूस कागदावर ऐकू येणारा ठरतो.

या दुर्लक्षाची किंमत फक्त चिडचिडीत मोजू नये. ऐकू येईनासे झालेला माणूस बैठकीत जायचे सोडतो, बोलायचे सोडतो. वाढत्या वयातल्या स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत लॅन्सेटच्या तज्ज्ञगटाने श्रवणदोष बराच वर ठेवला आहे. मशीन लावल्याने बुद्धी टिकते का, याची ९७७ वृद्धांवरची अचीव्ह ही चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. सगळ्या गटात मिळून फरक दिसला नाही, पण ज्यांना मुळातच जास्त धोका होता त्यांच्यात तीन वर्षांतली घसरण जवळपास निम्म्याने मंदावली. फार मोठी आशा दाखवू नये, पण नाकारण्यासारखेही हे नाही.

आणि आपल्याकडे याहून साधा धोका आहे. २२ जुलै २०२१ ला तळीयेवर दरड आली, त्याच पावसात पोलादपुरात साखर सुतारवाडी आणि केवनाळे. तेव्हापासून जुलै आला की दरडप्रवण वाड्यांतून सूचना निघतात. त्या पोचतात कशा? फोनने, भोंग्याने आणि शेजाऱ्याच्या हाकेने. रात्री पत्र्यावर पाऊस कोसळत असताना, डावा कान वर करून झोपलेल्या माणसाला ती हाक जाईल का, हे त्याच्या घरच्यांनी आजच तपासून पाहावे. वाडीतली मुले मुंबई-पुण्याला असतील, तर अशा घरांची यादी पोलीस पाटलाकडे असायला हवी. काही फौजी निवृत्तीनंतर महाडच्या एमआयडीसीत गेटवर उभे असतात. तिथेही यंत्रांचा आवाज आहेच, आणि गळतीचा भोंगा सर्वांत आधी ऐकायची जबाबदारी त्यांचीच.

करण्यासारखे फार खर्चाचे नाही. ऑडिओमीटर छोट्या सुटकेसमध्ये मावतो. माजी सैनिकांचे मेळावे होतात, हारतुरे होतात. त्याच दिवशी एका शांत खोलीत तंत्रज्ञ बसवून आलेख काढावेत आणि छापील प्रत हातात द्यावी. कोणी सत्कार केला नाही तरी चालेल. सैन्याने निवृत्त होणाऱ्या प्रत्येक जवानाचा आलेख काढून डिस्चार्ज बुकसोबत द्यावा, ही मागणी संघटनांनी लावून धरण्यासारखी आहे. कारगिलमध्ये आपल्या तोफखान्याने अडीच लाखांहून अधिक गोळे डागले. त्या तोफांवरची पोरे आज पन्नाशीच्या आसपास आहेत. त्यांच्या आलेखातली खाच अजून वाचता येईल. दहा वर्षांनी येणार नाही.

ज्यांच्याकडे ईसीएचएसचे कार्ड आहे त्यांनी पॉलिक्लिनिकमधून कान-नाक-घसा तज्ज्ञाचे रेफरल मागावे. कानाचे मशीन त्या योजनेत मिळते, फक्त तज्ज्ञाची शिफारस आणि आलेख लागतो. मशीन दोन्ही कानांना लागेल का ते विचारावे. पहिल्या आठवड्यात भांडी, पंखा, स्वतःचे चावणे, सगळेच मोठे ऐकू येते आणि बरेच जण तिथेच मशीन कपाटात टाकतात. मेंदूला महिना-दीड महिना द्यावा लागतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात दमटपणाने मशीन बंद पडते, म्हणून रात्री बॅटरी काढून ते सिलिका जेलच्या डबीत ठेवावे. घरच्यांनी ओरडू नये. अशा कानाला हळू आवाज लागत नाही आणि मोठा सहन होत नाही. समोर येऊन, सावकाश, आवाज जरा खाली ठेवून बोलावे. आणि चांगल्या बाजूने बसावे.

काकांचा आलेख नंतर आला. उजव्या कानाची रेघ सरळ उतरलेली. डाव्या कानाची त्याहून खाली, आणि चार हजारांवर एक उथळसा खळगा, नीट पाहिला तरच दिसणारा. खाली छापील शेरा होता, वयोमानानुसार श्रवणऱ्हास. मी वेगळ्या कागदावर लिहून दिले: पायदळात नोकरी, रेंजवर प्रशिक्षक, उजव्या खांद्यावरून नेमबाजी, डाव्या कानाचा ऱ्हास अधिक, नोकरीच्या काळापासून कानात आवाज. याने पेन्शन वाढेल असे मी त्यांना सांगितले नाही, कारण तसे मला वाटत नाही. काकूंनी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत डिस्चार्ज बुकच्या मागे ठेवला, आणि खुर्ची काकांच्या उजव्या अंगाला सरकवून बसल्या.